काकणवाला स्वार

उर्दूत ‘नाना’ आणि ‘बाबा’ हे दोन शब्द लिहायला अगदी सारखे. फरक फक्त ठिपक्यांच्या जागेचा. ठिपके वर दिले की नाना, खाली दिले की बाबा. निजामाच्या काळातले कारकून घाईत लिहायचे आणि घाईत आधी ठिपकेच गळायचे. त्या गळलेल्या ठिपक्यांवर माझी सगळी नोकरी झाली, असं म्हटलं तरी चालेल.

मी धाराशिवला, म्हणजे कागदोपत्री उस्मानाबादला, सरकारी कचेरीत तर्जुमा करायचो. तर्जुमा म्हणजे भाषांतर. पोलीस ॲक्शन झाली, संस्थान विलीन झालं, राज्य बदललं. पण जमिनीचे, नोकऱ्यांचे, वतनांचे जुने कागद काही एका रात्रीत मराठी झाले नाहीत. नवे साहेब यायचे त्यांना उर्दूचा गंध नसायचा. माझं शिक्षण सगळं उर्दू शाळेत झालेलं. त्यामुळं फायलींचा ढीग माझ्या टेबलावर आणि माणसांचा ढीग माझ्या दाराशी. लोक मला मुन्शीजी म्हणायचे. माझं खरं आडनाव निम्म्या कचेरीला ठाऊक नव्हतं.

माणसं तरी किती तऱ्हेची! दोन चुलतभाऊ एका विहिरीवरून वर्षानुवर्षं भांडत होते. एक म्हणे, कागदावर विहीर ‘नाना’च्या नावची आहे, दुसरा म्हणे, ‘बाबा’च्या. कागदावर ठिपकेच नव्हते. मी दोघांना समोर बसवून विचारलं, हे नाना कोण आणि हे बाबा कोण? तेव्हा निघालं असं, की दोघांचा आजा एकच; एका घरात त्याला नाना म्हणत, दुसऱ्या घरात बाबा. दोघं भाऊ एकमेकांकडं बघतच राहिले. दुसरे एक गृहस्थ चांदीच्या नळकांड्यात घालून बादशाही सनद घेऊन आले होते. बरोबर दोन जावई. वाचली तर ती एका हकिमानं लिहून दिलेली खोकल्याच्या काढ्याची कृती होती. मी हळूच त्यांच्या कानात सांगितलं आणि मोठ्यानं म्हणालो, “जपून ठेवा, उपयोगाची चीज आहे.” ते समाधानानं गेले. खोटं काही बोललो नव्हतो.

पण दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला तेव्हा मला या गमती आठवल्या नाहीत. आठवली ती हुसेनबी मणेरीण.

सोनारीजवळच्या एका खेड्यातली ही बाई. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगानं काटक. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून गावोगाव, जत्रांतून फिरायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, घरी म्हातारी आई. ती पहिल्यांदा आली तेव्हा खांद्यावरच्या माळा उतरवून माझ्या दाराशी ठेवल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाली,

“मुन्शीजी, माझा बाप मेला का जिता हाय, येवढं मला बघून सांगा.”

मी तिला बसायला सांगितलं. तिनं सांगितलेली हकीकत अशी. तिचा बाप शेख दाऊद, बांगड्या विकणारा. हुसेनबी रांगत होती तेव्हा पहिलं महायुद्ध लागलं. निजामाच्या फौजेचा रिसाला, म्हणजे घोडदळ, समुद्रापार मिसर देशाकडं, म्हणजे इजिप्तकडं, गेला. कळंबकडचा कुणी जमादार, म्हणजे पदरी स्वार बाळगणारा हवेलीवाला सरदार, होता, त्याच्या घरचा घोडा घेऊन शेख दाऊद त्या रिसाल्याबरोबर गेला. लढाई संपली, रिसाला परत आला. शेख दाऊद आला नाही. जमादाराकडं विचारायला घरची माणसं गेली तर तिकडून उत्तर मिळालं, “तुमचा माणूस आमचा घोडा घेऊन पळाला. परत आलात तर तुमच्याकडूनच घोडा भरून घेऊ.”

“तवापासून गावात आमचं घर पळपुट्याचं घर,” हुसेनबी म्हणाली. “माझ्या लग्नात त्येच बोलणं, भांडणात त्येच बोलणं. मला त्याचं काय न्हाय. पर माझी माय... तिला कळंनाच झालंय का आपण कोण हाय. रांडमुंड म्हणावं तर मेल्याची खबर न्हाय. सवाष्ण म्हणावं तर मानूस न्हाय. मेलेल्यांच्या नावानं वरसाला फातेहा देतेत, त्यात तिनं माझ्या बापाचं नाव कधी घेऊ दिलं न्हाय. म्हणती, जिता असला तर? आता तिची नजर गेली. ती जायच्या आत मला येक काय ते सांगायचंय.”

खरं तर हे माझं काम नव्हतं. माझं काम आलेला कागद वाचायचं. नसलेला कागद शोधायचं नाही. पण मी तिच्या नावानं अर्ज लिहिला. निजामाची फौज मोडल्यावर तिची दप्तरं कुठं कुठं गेली हे नीट सांगणारा कुणी नव्हता. काही या शहरी, काही त्या, काही गोंधळात गहाळ. मी सुचेल तिथं लिहिलं. महिने गेले. जी उत्तरं आली ती सगळी एकाच मासल्याची: या नावाच्या स्वाराची नोंद आढळत नाही. समुद्रापार दफन झालेल्यांत नाव नाही. जखमींत नाही. आणि गंमत अशी, पळून गेलेल्यांतही नाही.

ते शेवटचं मला खटकलं. पळालेल्या माणसाची बोंब सरकार आधी मारतं. तो फौजेत होता हे जर खरं, तर कुठंच नाव नाही हे कसं?

जुने पगाराचे कागद वाचून वाचून मला एक गोष्ट माहीत झाली होती. त्या काळी काही ठिकाणी नोकरी एकाच्या नावावर असायची आणि प्रत्यक्ष घोड्यावर बसायचा दुसराच. अशा माणसाला बारगीर म्हणत. बड्या घरचा मुलगा घरी राहायचा आणि त्याच्या जागी, त्याच्या नावानं, एखादा गरीब गडी फौजेत जायचा. पुढच्या खेपेला हुसेनबी आली तेव्हा मी विचारलं,

“तो घोडा जमादाराच्या घरात नेमका कुणाचा होता?”

“भाच्याचा. गुलाब खाँ नाव त्याचं.”

“मग तुमचा बाप तिकडं शेख दाऊद नव्हताच. तो गुलाब खाँ होता.”

 तिला ते समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. समजल्यावर मात्र ती एवढंच म्हणाली, “म्हंजे त्याचं नाव बी इथंच ऱ्हायलं.”

मी मोठ्या उमेदीनं गुलाब खाँच्या नावानं पुन्हा सगळीकडं लिहिलं. पुन्हा तेच. नोंद नाही. जमादाराकडच्या स्वारांच्या हजेरीचा गठ्ठाच कुठं शिल्लक नव्हता. कळंबच्या हवेलीत चौकशी करावी तर ती माणसं पोलीस ॲक्शनच्या आधीच हैदराबादला निघून गेली होती आणि गुलाब खाँ तिकडं वारल्याचं ऐकलं. माझ्याकडचे रस्ते संपले. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. ती माळा खांद्यावर चढवता चढवता म्हणाली,

“कागद सरले म्हणा. मानसं तर हायेत न्हवं? रिसाल्यातून काय येकटा माझा बापच गेला न्हवता.”

“पण त्यांना विचारणार काय? तुमच्या बापाचं खरं नाव त्यांना माहीत नसणार. आणि गुलाब खाँ म्हणून विचाराल तर खऱ्या गुलाब खाँला ओळखणारे भेटतील.”

दोघं विचार करत बसलो. मी म्हणालो, “बराकीत माणसं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. कुणी लंगडा, कुणी पैलवान. जातीवरून, धंद्यावरून नाव पडतं.”

“मंग आमच्या मानसाला काकणवालाच म्हणतील,” ती हसली. “मलाबी समदे तेच म्हणतेत.”

त्या दिवसापासून हुसेनबीनं जे केलं ते मी आजही कौतुकानं आठवतो. बांगड्या भरणारी बाई गावातल्या प्रत्येक घरात जाते. तिच्यासमोर बसलेल्या बाईचा हात तिच्या हातात असतो आणि काकणं भरून होईस्तोवर दोघींना दुसरं काम नसतं. हुसेनबी प्रत्येकीला विचारायची, “आक्का, तुमच्या घरात, भावकीत, म्हायेरी, कुणी म्हातारा हाय का निजामाच्या रिसाल्यात असलेला?” तिची फिरती आधी परांडा तालुक्यापुरती होती. ती वाढवत वाढवत भूम, कळंब, तुळजापूर करत ती पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागली. तिथली ठरलेली मणेरीण असायची, तिच्याशी भांडणं व्हायची. मग ही म्हणायची, “बाई, काकणं तूच विक. म्या नुसतं इचारते.” आणि माळा झाकून ठेवून नुसतीच दारोदार विचारत फिरायची. धंदा बुडवून केलेलं काम होतं ते.

धाराशिवला आली की मला येऊन सांगून जायची. म्हातारे स्वार सापडत होते, नाही असं नाही. पण कुणाचं डोकं ठिकाणावर नाही, कुणी दुसऱ्याच रिसाल्यातला. एकानं तर छातीठोक सांगितलं, “काकणवाला? सिंहासारखा गडी! उंचापुरा! त्यानं तिकडंच लग्न केलं, मिसरमधी ऱ्हायला.”

ते तिनं मला येऊन सांगितलं. मी म्हणालो, “मग? बातमी तर बातमी.”

“न्हाय मुन्शीजी. माझा बाप बुटका व्हता, माय सांगती. त्यो म्हातारा मला खूश करत व्हता. जिता हाय म्हणून ऐकायला मलाबी गोड वाटलं की. पर मायला म्या खोटं न्हेऊन देणार न्हाय.”

कुणीही तिला विचारलं नसतं. ती गोड बातमी घेऊन घरी गेली असती तर म्हातारी सुखानं गेली असती. ही बाई मात्र पुन्हा माळा उचलून चालू लागली.

वर्षभराहून अधिक काळ असा गेला. मग एका दुपारी ती कचेरीत आली ती धापा टाकतच. येडशीच्या अलीकडं एका गावात एका सुनेचा हात धरून ती काकणं भरत होती. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. सून सहज म्हणाली, “आमचे मामंजी व्हते रिसाल्यात. ते लई सांगतेत येका काकणवाल्याचं.” हुसेनबीच्या हातातली बांगडी फुटली म्हणे, इतक्या वर्षांत कधी फुटली नव्हती. आणि मग तिची पुढं विचारायची हिंमतच होईना. ती तशीच एस्टी पकडून माझ्याकडं आली. म्हणाली, “तुमी चला. तुमी इचारा.”

रविवारी आम्ही दोघं गेलो. म्हातारा गोठ्यासमोर बाजेवर बसला होता. लिंबाजी आबा. मोडलेला एक पाय लांब पसरलेला, मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. मी नमस्कार करून, कोण कुठला ते सांगून, काकणवाल्याचं विचारलं. आबांनी आधी हुसेनबीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“तुमी कोन त्याचे?”

“ही लेक असेल त्याची. तसं वाटतंय आम्हाला.”

आबांनी मोडका पाय जवळ ओढून घेतला. मग म्हणाले, “बस बाई, खाली बस.”

त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देतो. नंतर त्यांच्याकडून दोनदा वदवून लिहून घेतलं होतं.

“बुटका गडी. नाव गुलाब खाँ, पर नावानं हाक मारली तर वळून बगायचा न्हाय. काकणवाला म्हटलं का ओ द्यायचा. घोड्याला लई भ्यायचा. रिसाल्यातला स्वार आन् घोड्याला भेतो म्हणून समदे हसायचे. खरारा करताना घोड्याशी बोलत बसायचा. तिकडं समदी वाळू. पानी लांब. येक दिस आमी घोडी पान्यावर न्हेली व्हती आन् वरून तोफा सुरू झाल्या. घोडी बिथरली. पुऱ्या रांगंचा येकच दोर, त्यो सुटला असता तर समदी आमच्या अंगावरून गेली असती. म्या खाली पडलेलो, माझा पाय ह्यो असा मोडलेला. ज्याला त्याला पळायचं पडलं. काकणवाल्यानं दोर धरला. मनगटाला येढा दिला आन् बसला खाली टाच रोवून. म्या वरडलो, सोड, पळ! त्यो रडत व्हता, पर दोर सोडला न्हाय. गोळ्याची कपची लागली बरगडीत. तरी दुसरी मानसं येऊस्तोवर दोर हातातच.”

“मग?” मी विचारलं.

“दिस मावळायला गेला. तितंच खजुरीच्या झाडाखाली त्याला पुरला. मला पाय न्हवता, बसून हातानं वाळू लोटली. मौलवी कुटला? येका मुसलमान गड्याला जेवढं येत व्हतं तेवढं त्यानं म्हटलं. म्या हात जोडले. दुसऱ्या दिशी रिसाला फुडं गेला. त्या जाग्याचं नाव मला आजबी सांगता यायचं न्हाय.”

हुसेनबी पदर तोंडाशी धरून बसली होती. मी विचारलं, “आबा, परत आल्यावर त्याच्या घरी कळवलं नाहीत?”

आबा एकदम ताठ झाले.

“गेलतो की! पाय जरा धरला तसा काठी टेकत कळंबला गेलो. गुलाब खाँचं घर इचारत हवेलीवर गेलो. दारात म्हटलं, तुमचा गुलाब खाँ वारला, त्यानं माजा जीव वाचवला, त्याच्या मायबापाच्या पाया पडायला आलोय. तर आतून येक गोरा गुटगुटीत मानूस आला आन् म्हनतो, म्याच गुलाब खाँ. म्या म्हटलं, मंग म्या पुरला कोन? त्यो म्हनला, कुनी न्हाय. चूप बसायचं आन् चालू लागायचं. गड्यांनी मला रस्त्यावर आनून सोडलं. जमादाराचं राज व्हतं तवा. माज्यासारख्यानं काय बोलावं? पर साहेब, चाळीस वरसं झाली. म्या रोज इचारतो सोताला, म्या पुरला कोन?”

एकीकडं मरणाची खबर शोधणारं घर आणि दुसरीकडं मेलेल्याचं घर शोधणारा माणूस. जिल्हा एकच. मधे, नावावरची नोकरी आणि पगार टिकवायला बोललेलं एका माणसाचं खोटं. त्या दिवशी मला त्या गुलाब खाँचा भयंकर राग आला. हुसेनबीनं मात्र त्याचं नावही काढलं नाही. ती आबांना म्हणाली,

“बाबा, माझ्या मायला हे तुमच्या तोंडानं सांगाल का? म्या सांगितलं तर तिला वाटंल लेक समजूत घालती.”

मोडक्या पायाचा सत्तरीकडं झुकलेला माणूस. घरच्यांनी नको म्हटलं. आबांनी सुनेला फेटा आणायला सांगितला.

येडशीहून छोट्या रुळांच्या गाडीनं बार्शी, तिथून एस्टी आणि शेवटी बैलगाडी असे आम्ही तिघं हुसेनबीच्या गावी पोचलो. म्हातारी खैरूनबी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. हुसेनबीनं तिच्या कानाशी जाऊन कोण आलंय ते सांगितलं. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं.

आबांनी सगळं पुन्हा सांगितलं.  ऐकता ऐकता शेजारपाजारची माणसं अंगणात जमा झाली. त्यांत पळपुट्याचं घर म्हणणारेही असतील. आबांचं संपल्यावर ती म्हणाली,

“भाई, येक इचारू? खरं सांग. त्यो दोर धरला तवा ते भ्याले व्हते का?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. एवढी माणसं जमलेली. मला वाटलं, आता हे नाही म्हणतील तर बरं. एवढं एक खोटं चाललं असतं.

“व्हय बाई,” आबा म्हणाले. “लई भ्याला व्हता. रडत व्हता. पर दोर सोडला न्हाय.”

म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

“मंग तेच,” ती म्हणाली. “दाराम्होरून घोडं गेलं तर माझ्या मागं यून उभं ऱ्हायचे. समजूत घालायला येणारे समदे मला सांगायचे, सिंह व्हते, वाघ व्हते. म्या म्हणायची, ते दुसरं कोन तरी आसंल. ह्ये मात्र आमचंच मानूस.”

मग ती रडली. पण ते कोंडलेलं नव्हतं. हुसेनबी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. अंगणातली माणसं खाली बघत उभी होती. त्यांतल्याच एका म्हाताऱ्यानं पुढं होऊन हुसेनबीच्या माळा उन्हातून उचलून सावलीत ठेवल्या. 

हुसेनबीनं घरात गोड केलं. गावच्या मशिदीतल्या वयस्क मौलवींना बोलावणं गेलं. आबा ओसरीच्या कडेला, पाय लांब करून, फेटा मांडीवर घेऊन बसले. मी त्यांच्या शेजारी. मौलवींनी उदबत्ती लावली, हात वर केले आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, कुणाच्या नावानं?

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हा तिकडं सगळ्याच घरांचा रिवाज. हिंदूंतही तोच, मुसलमानांतही तोच. म्हातारीनं आजवर कधी घेतलं नव्हतं. हुसेनबी सांगायला पुढं झाली. म्हातारीनं चाचपडत तिचा हात धरून तिला मागं घेतलं.

“शेख दाऊद,” ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की अंगणाच्या कडेला उभ्या माणसालाही ऐकू जावं.

माझ्या शेजारी आबांनी ते नाव हळूच म्हणून पाहिलं. पहिल्यांदा चुकलं. ‘दावद’ म्हणाले. मी दुरुस्त करून सांगितलं. मग त्यांनी ते नीट म्हटलं, पुन्हा एकदा म्हटलं, आणि हात जोडले.